इचार ना तिले! : संशयाच्या नाटकांनी शिकवलेल्या दहा गोष्टी

जानेवारीची थंडी होती आणि रात्रीचा एक वाजून गेला होता. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत मंडप उभा होता. खाली तणीस अंथरलेली, आणि त्यावर चादरी पांघरून लेकराबाळांसह अख्खं गाव बसलेलं. मंचावर ‘संशयकल्लोळ’ चालू होतं आणि मी फाल्गुनराव होतो. बायकोजवळ सापडलेली परपुरुषाची तसबीर माझ्या हातात होती, आणि मी एकट्याने धुमसत मंचावर येरझाऱ्या घालत होतो. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठून उभी राहिली आणि ओरडली, “अरे बापू, इचार ना तिले! कायले मनातल्या मनात जरून रायला?”

मंडप हसला. मी पुढचं वाक्य विसरलो, ते प्रॉम्प्टरने दिलं. नाटक पहाटे संपलं, पण त्या आजीचा प्रश्न माझ्यासोबत घरी आला.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी शिक्षक होतो आणि तीस हंगाम झाडीपट्टीच्या रंगभूमीवर उभा राहिलो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जंगलाच्या मुलखात दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात, आणि त्यांच्या निमित्ताने गावोगावी रात्रभर नाटकं चालतात. वैनगंगेकाठच्या वडसा-देसाईगंजला नाट्यकंपन्यांची कार्यालयं उघडतात, गावची मंडळं तिथे येऊन प्रयोग ठरवतात. होळीपर्यंत हे सुरू असतं. ऐतिहासिक नाटकं आम्ही केली, हुंड्याची केली, दारूची केली. पण नवरा-बायकोतल्या संशयाचं नाटक असलं की मंडपातला माणूस न माणूस जागा राहतो. त्या नाटकांनी मला जे शिकवलं, ते इथे मांडतो आहे.

१. प्रेक्षकाला खरं आधी कळू द्या

‘संशयकल्लोळ’मध्ये रेवती नावाच्या तरुणीला भर रस्त्यात भोवळ येते. फाल्गुनराव तिला सावरतो, आणि नेमकं तेवढंच त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीच्या प्रियकराची, अश्विनशेटची, रस्त्यात पडलेली तसबीर कृत्तिका उचलते, आणि ती न्याहाळताना तिला फाल्गुनराव पाहतो. झालं. दोघंही निर्दोष आणि दोघांनाही खात्री, की समोरचा फसवतो आहे.

आपण हसतो, कारण रेवतीची भोवळ आपण पाहिलेली असते, तसबीर कशी पडली हेही पाहिलेलं असतं. हेच आपल्याला आधी दाखवलं नाही, तर तीच तसबीर छातीत धडकी भरवते. ही रचना फार जुनी आहे. फ्रान्समध्ये मोलिएरने ती १६६० साली रंगवली. आर्थर मर्फीने १७६१ मध्ये तिला इंग्रजी वेश दिला. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ मध्ये ती गद्य ‘फाल्गुनरावा’च्या रूपाने मराठीत आणली आणि पुढे तिला पदं देऊन ‘संशयकल्लोळ’ केलं. गंधर्व नाटक मंडळीने १९१६ साली ते संगीत नाटक रंगमंचावर आणलं, तेव्हा देवलांना जाऊन काही महिने झाले होते. एवढ्या काळात भाषा बदलल्या, वेश बदलले, पण तसबीर मात्र दर वेळी नेमकी नको त्या हातात पडते.

नाटक लिहिणाऱ्या पोरांना मी हे पहिलं सांगतो. घरातल्या माणसांनाही सांगतो, पण उलट्या बाजूने : मंडपात खरं काय ते प्रेक्षकाला माहीत असतं. घरात प्रेक्षक नसतो. तिथे खरं सांगणारं एकच माणूस असतं, आणि ते तुमच्या समोर बसलेलं असतं.

२. संशय घेणाऱ्याचं दुःख खरं असतं

सुरुवातीच्या प्रयोगांत मी फाल्गुनराव हसरा करायचो. डोळे वटारायचो, मिशा पिळायचो. माझ्या दिग्दर्शकाने एका तालमीत मला थांबवलं. म्हणाला, “तुम्हाले हसवाचं नाही जी. तुमचं घर जरून रायलं, हे तुम्हाले खरं वाटलं पायजे. हसतील ते लोक.”

त्या दिवसापासून मी तो माणूस नीट पाहू लागलो. वय झालेला, तरुण बायकोचा नवरा, आणि आतून कायमचा भ्यालेला. आपण तिला पुरे पडत नाही, ही भीती त्याच्या प्रत्येक वाक्याखाली असते. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव शंभर वर्षांनंतरही नावाजला जातो. आमच्या झाडीपट्टीत गडचिरोली जिल्ह्यातल्या परशुराम खुणे यांनी पाच हजारांहून अधिक प्रयोगांत कामं केली, विनोदी भूमिकांनी लोकांच्या मनात घर केलं, आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विनोदी नटाचा असा सन्मान झाला, तेव्हा मला फार बरं वाटलं. कारण विनोदाला माणसाच्या दुःखाची जाण जितकी लागते, तितकी क्वचितच दुसऱ्या कशाला लागत असेल.

संशयी माणसाला वेडा ठरवून त्याचा संशय जात नाही. त्याची भीती कुणीतरी ऐकून घ्यावी लागते.

३. अर्धवट दिसलेलं पूर्ण वाटतं

आता माझ्या घरातली गोष्ट. मुलगी दहावीत होती, ते वर्ष. पहाटे प्रयोगावरून आलो. अंगावर घ्यायला शाल शोधत होतो, तर घडीतून एक छोटा फोटो खाली पडला. पासपोर्ट आकाराचा. ओळखीचा नसलेला, पस्तिशीतला पुरुष. भांग नीट पाडलेला, शर्टाचं वरचं बटण लावलेलं.

फोटो जिथे होता तिथे ठेवला आणि झोपलो. झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी बायको शेजारणीशी हळू आवाजात बोलत होती, ते माझ्या लक्षात आलं. तिसऱ्या दिवशी ती दुपारी कुठेतरी जाऊन आली, तेही लक्षात आलं. ती रोजच शेजारणीशी बोलायची, रोजच दुपारी कामाला जायची. पण फोटो पाहिल्यावर मला तिचं साधं चालणंही वेगळं दिसू लागलं. संशय नवं काही दाखवत नाही. जुनंच नव्या उजेडात दाखवतो, आणि तो उजेड आपल्याच हातातल्या बॅटरीचा असतो.

त्या दिवसांत रात्री मी मंचावर तसबीर हातात घेऊन लोकांना हसवत होतो आणि घरी गप्प होतो. असे अकरा दिवस गेले.

४. एकाच बियाण्याची दोन पिकं येतात

शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ लिहिणारेही देवलच. ते १८९० सालचं. म्हणजे संशयाने एका घरात खून होतो, हे लिहिल्यावर तीनच वर्षांत त्याच लेखकाने संशयावर पोट धरून हसायला लावणारं नाटक दिलं. ऑथेल्लोच्या डोक्यात रुमाल, फाल्गुनरावाच्या हाती तसबीर. दोन्ही वस्तू एवढ्याशा, मुठीत मावणाऱ्या. मग शेवट इतके वेगळे का?

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. ऑथेल्लो रुमालाबद्दल बायकोला विचारतो, नाही असं नाही. पण विचारतो तेव्हा त्याचा निकाल आधीच लागलेला असतो, आणि तो लावून देणारा माणूस त्याच्या कानाशी बसलेला असतो. त्याच्या प्रश्नाला उत्तर नको असतं, कबुली हवी असते. फाल्गुनराव आणि कृत्तिका मात्र मनातलं सगळं मोठ्याने बोलतात. भांडतात, पाठलाग करतात, चारचौघांत आरोप करतात. ते शोभत नाही, पण त्या गोंधळातून सगळी पात्रं एकदाची समोरासमोर येतात आणि तसबीर कुणाकडून कुणाकडे गेली, हे उघड होतं.

संशय बाहेर पडला तर भांडण होईल. आत राहिला तर त्याचं काय होईल, हे सांगता येत नाही.

५. मंचावरच्या बाईचा मान आधी

पूर्वी आमच्याकडे बायकांची कामं पुरुषच करायचे. पुढे स्त्री कलाकार आल्या, कितीतरी नागपूरहून येऊ लागल्या. त्यांच्यामुळे ही रंगभूमी उभी राहिली. त्यांनी काय सोसलं, ते मी जवळून पाहिलं आहे.

माझ्यासोबत कृत्तिका करणारी बाई प्रयोग संपला की मेकअप न उतरवता आधी फोन शोधायची. पहाटे चार वाजताही घरी कळवायची, की प्रयोग झाला, गाडीत बसते आहे. दोन लेकरांची आई. तिच्या बिदागीवर घर चालायचं, आणि त्याच घरात तिला रोज हिशेब द्यावा लागायचा : पैशाचा नाही, वेळेचा. मंचावर ती निर्दोष बायकोचं काम करायची, टाळ्या घ्यायची. खाली उतरली की तेच काम तिला खरोखर करावं लागायचं, आणि तिथे टाळ्या नव्हत्या.

मी रात्र रात्र बाहेर असायचो, पण मला गावाने कधी काही विचारलं नाही. एकाच गाडीतून एकाच रात्री आलेल्या दोन माणसांपैकी जाब फक्त बाईला विचारला जातो. संशयाचं नाटक लिहिताना हे विसरू नका. बाईच्या चारित्र्यावर हशा घेऊ नका. हशा संशयावर घ्या.

६. अंतर पडलं की बोलणं वाढवा

धानाचा हंगाम संपला की आमच्या भागातली कितीतरी माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. कधी जोडीने, कधी एकटं कुणी. नवरा इथे, बायको तिथे, असे महिने जातात. गडचिरोलीच्या आतल्या गावांत रेंज शोधायला अजूनही टेकाडावर जावं लागतं. फोन लागला नाही, याचे शंभर साधे अर्थ असतात. एकटा माणूस एकशे एकावा अर्थ लावतो.

अशाच एका जोडप्याने आपापसांत नियम केला होता. दर बाजाराच्या दिवशी, संध्याकाळी, दोघांनी आपापल्या जागी रेंजमध्ये यायचं. बोलायला काही नसलं तरी यायचं. काय खाल्लं, किती मिरची तोडली, गाय व्याली का. तो माणूस मला म्हणाला, “गुरुजी, काय बोललो ते ध्यानात नाही राहत. आवाज आयकला का बस होते.” मी बाहेर असायचो तेव्हा घरी कधी फोन केला नाही. प्रयोग आहे, पहाटे येतो, एवढं तिला माहीत आहे, असं धरून चाललो. माझ्या गप्प राहण्याची सवय तिथूनच पडली असावी.

७. ‘लोक म्हणतात’ याला साक्षीदार मानू नका

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ साली सुरू झाली, तेव्हा शिक्षक म्हणून गावाच्या समितीत बसायला मिळालं. धुऱ्याचे तंटे यायचे, नालीचे यायचे. आणि नवरा-बायकोचे यायचे, त्यांतल्या पुष्कळांच्या मुळाशी संशय असायचा.

मी विचारायचो, “तुम्ही स्वतः काय पाहिलं?” बहुतेक वेळा उत्तर यायचं, “पाह्यलं नाही जी, लोक म्हनतात.” मग मी विचारायचो, कोणते लोक? नाव घ्या. नाव निघता निघता गाव रिकामं व्हायचं. पानठेल्यावर एकाने हसत म्हटलेलं वाक्य दुसऱ्याने मान डोलावून ऐकलेलं असायचं, तिसऱ्याने घरी सांगितलेलं असायचं. रामायणात सीतेच्या वाट्याला आलेला दुसरा वनवास अशाच एका बोलण्यातून आला, आणि ती कथा ऐकताना आमच्या आयाबाया आजही पदराने डोळे पुसतात. रडणाऱ्या त्या गावानेच दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर गप्प राहायला शिकलं पाहिजे.

समितीत मी एक गोष्ट पाळली. दोघांना एकत्र बसवायचं, आणि ज्याने सांगितलं त्यालाही बोलवायचं. बोलावणं गेलं की सांगणारा बहुधा म्हणायचा, “मी तर मजाक केली.” तेवढ्याने अर्धे तंटे मिटायचे.

८. हात उगारला, की ते नाटक नाही

उरलेले सगळे तंटे असे मिटत नाहीत, हे सांगणं माझं कर्तव्य आहे. एका बाईचा नवरा रोज दारू पिऊन तिला विचारायचा, “कोनाशी बोलली?” ती उत्तर द्यायची, तो मारायचा. तिने लाख वेळा उत्तर दिलं असतं तरी त्याने मारलंच असतं. त्या माणसाला उत्तर नको होतं, निमित्त हवं होतं.

अशा ठिकाणी ‘दोघांनी बसून बोला’ म्हणणं हा त्या बाईवर आणखी एक अन्याय आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा तिच्यासाठी आहे, संरक्षण अधिकारी आहे, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. आणि मारच लागतो असंही नाही. चारित्र्यावर सतत शिंतोडे उडवणं हाही त्या कायद्याच्या दृष्टीने छळ आहे. समितीचं काम तिथे एकच, तिला सुखरूप तिथवर पोहोचवणं.

नाटकातही मी हे पाळलं. संशयापोटी बायकोला थापड मारण्याचा प्रसंग विनोदी प्रवेशात घालायला एका कंपनीत सांगितलं गेलं. मी ते केलं नाही. मंडपातल्या ज्या बाईने काल रात्री मार खाल्ला, तिला आज रात्री त्यावर हसायला लावू नये.

९. चांगल्या मनाने लपवलेलंही लपवलेलंच असतं

पुण्यात शिकणाऱ्या मुलीने सुट्टीत आम्हा दोघांना ‘फॉल्टी टॉवर्स’ ही इंग्लंडची विनोदी मालिका लॅपटॉपवर दाखवली. बीबीसीवर १९७५ आणि १९७९ साली आलेली, सगळे मिळून बाराच भाग. समुद्रकाठचं छोटं हॉटेल चालवणारं नवरा-बायकोचं जोडपं. एका भागात बायको नवऱ्याबद्दल भलताच संशय धरते, कारण तो नको तेव्हा नको त्या खोलीत सापडतो. आम्हाला भाषा अर्धी कळली. बाकीचं मुलीने सांगितलं. पण माझी बायको खदखदून हसली. दारं उघडणं, दारं लागणं, अर्धं पाहणं : हे आमच्या मंडपातलंच होतं.

माझ्या मनात राहिला तो लग्नाच्या वाढदिवसाचा भाग. नवऱ्याने बायकोसाठी गुपचूप मेजवानी ठरवलेली असते, आणि मजा वाढावी म्हणून तो दिवस विसरल्याचं सोंग करतो. तिला ते खरं वाटतं, ती निघून जाते. पाहुणे दारात येतात, तेव्हा तो ती आजारी असल्याचं खोटं सांगतो. मग ते खोटं झाकायला पुढचं. सुरुवात प्रेमाने केलेली, शेवट सगळ्यांचं मन दुखावून.

मुलीने एक गोष्ट शेवटी सांगितली. जॉन क्लीज आणि कॉनी बूथ या नवरा-बायकोने ही मालिका मिळून लिहिली होती. १९७८ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला, आणि १९७९ चे भाग पडद्यावर आले तेही दोघांनीच मिळून लिहिलेले. लग्न राहिलं नाही, पण एकमेकांसमोर बसून बोलायची सवय राहिली. ते ऐकून आम्ही दोघं थोडा वेळ काहीच बोललो नाही.

१०. निकाल बाजूला ठेवून विचारा

फोटो सापडला त्याच्या बाराव्या दिवशी मी विचारलं. प्रयोगावरून आल्या आल्या नाही. झोप झाल्यावर, जेवणं झाल्यावर, मुलगी शाळेत गेल्यावर. शालीतला फोटो काढून तिच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, “हा कोणाचा आहे?” एवढंच. त्या प्रश्नात ‘खरं सांग’ नव्हतं, आवाज चढलेला नव्हता. मंडपातल्या आजीनेच मला तो प्रश्न दिला होता.

बायकोने फोटो उचलला आणि तिचा चेहरा उजळला. “अगं बाई, इथं होय का! आठ दिवसांपासून शोधून रायली मी.” तिच्या बचत गटाचं बँकेचं कर्जप्रकरण होतं. गटातल्या एका बाईच्या अर्जावर वारसदार म्हणून त्या बाईच्या नवऱ्याचा फोटो लावायचा होता. अर्जांच्या गठ्ठ्यातून निसटून तो शालीत गेला होता. दुपारी ती जायची ते बँकेच्या कामाला. शेजारणीशी हळू बोलायची, कारण फोटो हरवल्याचं त्या बाईला कळू द्यायचं नव्हतं.

मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी कधी पाहिला होता तो फोटो, तिने विचारलं. मी सांगितलं. तिने बोटांवर दिवस मोजले. तिचा चेहरा उतरत गेला, तो मी पाहिला. ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, “अकरा दिवस माह्या हातचं जेवले, अन् एक डाव इचारलं नाही?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. त्या अकरा दिवसांत संक्रांत येऊन गेली होती. तिने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला होता आणि मी मान वर न करता तो खाल्ला होता.

कर्ज मंजूर झालं, मुलगी शिकली, मी निवृत्त झालो. फाल्गुनराव आता दुसरा, तरुण नट करतो. पण दर संक्रांतीला तिळगूळ द्यायची वेळ आली की बायको हात पुढे करते आणि मूठ उघडत नाही. मी मान वर करून तिच्या डोळ्यांत पाहतो. मगच ती मूठ उघडते.